देवासमोर खोटं का बोलतो आपण? : भय, भक्ती आणि प्रामाणिकपणा

(ज्यांना भाग ऐकायला वेळ मिळाला नाही त्यांच्यासाठी हे लिहून काढलंय. बोलताना जिथे अडखळलो तिथे वाक्यं नीट केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

[००:००] सुरुवात

आजचं रेकॉर्डिंग इंदिरानगरमधल्या घरूनच करतोय, त्यामुळे मागे वडाळा-पाथर्डी रस्त्याचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. आजचा विषय जरा वेगळा आहे. देवाबद्दलचा आदर आणि देवासमोरचा खरेपणा. मी ख्रिस्ती घरात वाढलोय, म्हणून बोलणार आहे ते ख्रिस्ती भक्तीबद्दल. पण तुम्ही कुठल्याही घरातले असा, हा प्रश्न तुमच्या ओळखीचा निघेल असं मला वाटतं.

हा विषय का घेतला ते आधी सांगतो. ते सांगायला मला लाज वाटते, पण ते सांगितल्याशिवाय पुढचं बोलण्यात अर्थ नाही.

मागच्या वर्षी माझी नोकरी गेली. शुक्रवारी दुपारी अर्ध्या तासाची मीटिंग आली, सोमवारी लॅपटॉप परत केला, आणि पुण्यातली खोली सोडून मी नाशिकला आई-बाबांकडे आलो. आठ महिने घरी होतो. मग नोकरी लागली. आईने लगेच उपकारस्तुतीची प्रार्थनासभा ठेवली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: मराठी ख्रिस्ती घरांत काही चांगलं झालं की वीस-पंचवीस माणसं जमतात, हॉलमध्ये सतरंजी पसरतात, पेटीवर गाणी होतात, वचन वाचलं जातं, शेवटी चहा आणि चिवडा. आणि मध्ये असते 'साक्ष'. म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते चारचौघांत उभं राहून सांगायचं.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या आठ महिन्यांत मी रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना करत होतो. एक दिवसही माझ्या मनात शंका आली नाही." सगळे 'हालेलुया' म्हणाले. एका मावशींनी डोळे पुसले.

खरं काय होतं? पहाटे पाचला मी झोपायला जायचो. रात्री तीन-चारपर्यंत फोनवर नोकरीच्या साइट्स नाहीतर रील्स चालू असायचे. पहिले काही आठवडे प्रार्थना केली. मग राग यायला लागला. शेवटचे चार महिने तर एक शब्दही बोललो नाही देवाशी. रविवारी डोकं दुखतंय सांगून घरी थांबायचो.

सभा संपल्यावर चपला घालताना एक मुलगा जवळ आला. इंजिनिअरिंग होऊन वर्ष झालंय, काम नाही. हळूच म्हणाला, "दादा, मला तुमच्यासारखं जमत नाही. मला शंका येतात. म्हणूनच माझं अडलं असेल का?"

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "प्रार्थना करत राहा."

म्हणजे त्या दिवशी मी दोनदा खोटं बोललो. आणि दुसरं खोटं त्या पोराच्या डोक्यावर ठेवून आलो.

[०३:४०] 'भय' म्हणजे नेमकं काय?

मी तसं का बोललो हे शोधताना पहिली गोष्ट लक्षात आली ती ही. माझ्या डोक्यात आदर आणि खरेपणा हे दोन वेगळ्या कप्प्यांत होते. देवाचा आदर म्हणजे चांगले कपडे, मिटलेले डोळे, शुद्ध भाषा. आणि खरं बोलणं म्हणजे थोडा उद्धटपणा. मग देवासमोर उभं राहताना आदर ठेवायचा तर खरं थोडं झाकावं लागणार, असं माझं गणित.

मराठी बायबलमध्ये या आदरासाठी शब्द आहे 'भय'. परमेश्वराचं भय. मूळ हिब्रू शब्द 'यिरा'. या एकाच शब्दात घाबरणंही येतं आणि आदराने थक्क होऊन उभं राहणंही. मराठीत आपल्याकडे भीती, धाक, दरारा, आदर असे वेगवेगळे शब्द आहेत आणि 'भय' ऐकलं की आपण सरळ धाकाकडे जातो. वडिलांचा धाक, मास्तरांचा धाक.

आता धाक काय करतो? लहानपणी क्रिकेट खेळताना काच फुटली की आपण काय करायचो? पळायचो. नंतर 'मी नव्हतोच तिथे' म्हणायचो. धाक माणसाला लपायला शिकवतो. बायबलमधली पहिली भीतीसुद्धा हीच आहे. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात आदाम झाडांमागे लपतो, आणि विचारल्यावर सांगतो की मी भ्यालो म्हणून लपलो. देव त्याला सगळ्यात आधी विचारतो की तू कुठे आहेस. ज्याला सगळं दिसतं त्याने हे विचारायचं कारण एकच असू शकतं: आदामाने स्वतः बाहेर यावं.

म्हणजे भय दोन प्रकारचं आहे. एक, ज्यामुळे आपण लपतो. दुसरं, ज्यात लपण्यात अर्थ नाही हे कळल्यामुळे आपण बाहेर येतो. परमेश्वराचं भय म्हणतात ते हे दुसरं.

माझ्या कामातलं उदाहरण देतो. नवीन माणसाला पहिल्यांदा प्रॉडक्शन सर्व्हरचा ॲक्सेस मिळतो तेव्हा त्याचा हात आपोआप हळू होतो. स्वतःच्या लॅपटॉपवर तो काहीही टाइप करतो, पण इथे एंटर दाबण्याआधी तीनदा वाचतो. सर्व्हर त्याला शिक्षा करणार असतो का? नाही. समोरचं खरं आहे, त्यावर खरी माणसं अवलंबून आहेत, हे त्याला माहीत असतं. हा झाला आदर. आणि त्या आदराचाच भाग म्हणजे लॉग खोटे लिहायचे नाहीत. सर्व्हर बंद पडलाय आणि डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतंय, याहून धोकादायक काही नसतं. कारण मग दुरुस्त करायला कोणी येतच नाही.

माझी साक्ष तशी होती. सगळं हिरवं.

[०७:१५] हनन्या आणि सप्पीरा

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात एका जोडप्याची गोष्ट आहे. हनन्या आणि सप्पीरा. सुरुवातीच्या मंडळीत लोक जमिनी विकून पैसे गरजूंसाठी आणून देत होते. या दोघांनीही जमीन विकली, काही पैसे बाजूला ठेवले, उरलेले आणून दिले आणि 'हे सगळे' असं भासवलं. पुढे दोघंही जागच्या जागी मरण पावतात. लहानपणी संडे स्कूलमध्ये ही गोष्ट ऐकून मी जाम घाबरलो होतो. तेव्हा मला वाटलं होतं की पैसे कमी दिले म्हणून शिक्षा झाली.

पण नीट वाचलं तर पेत्र वेगळंच म्हणतो. त्याचा मुद्दा असा की जमीन तुझीच होती, विकल्यावरचे पैसेही तुझ्याच हातात होते. कोणी मागितले नव्हते. अर्धे दिले असते आणि 'अर्धे आहेत' म्हणाला असता तर काही बिघडलं नसतं. बिघडलं ते अर्ध्याला पूर्ण म्हटल्यामुळे. आणि पेत्र म्हणतो की हे खोटं माणसांशी नाही, देवाशी बोललास. त्यानंतर सगळ्या मंडळीला मोठं भय वाटलं, असं तो अध्याय सांगतो. म्हणजे भय आणि खरेपणा तिथे एकाच ठिकाणी भेटतात.

ही गोष्ट कठोर आहे आणि ती मऊ करून सांगायची माझी इच्छा नाही. पण माझ्यासाठी त्यात एक दिलासाही निघाला. देवाला माझी अर्धी भक्ती चालली असती. 'आठ महिन्यांपैकी दोन महिने प्रार्थना केली, मग सोडून दिली' हे सांगितलं असतं तर ती खरी साक्ष झाली असती.

लूकच्या अठराव्या अध्यायातला येशूचा दाखला याच्याशी जोडून पाहा. मंदिरात दोघे प्रार्थनेला जातात. एक परूशी, म्हणजे धर्म काटेकोर पाळणारा. दुसरा जकातदार, ज्याला सगळे भ्रष्ट समजायचे. परूशी आपले उपास आणि दशांश मोजून दाखवतो. जकातदार दूर उभा राहतो, वर बघायचंही धाडस त्याला होत नाही, आणि मी पापी आहे, दया कर, एवढंच म्हणतो. येशू सांगतो की दुसरा नीतिमान ठरून घरी गेला. गंमत बघा. दोघांत जास्त आदर कोणाकडे होता? ज्याला मान वर करता येत नव्हती त्याच्याकडे. आणि जास्त खरं कोण बोललं? तोच.

[१०:३०] मग राग आला तर?

इथे एक प्रश्न येतो आणि तो मलाही आला. पाप कबूल करणं ठीक. पण देवाचाच राग आला असेल तर? तेही सांगायचं?

स्तोत्रसंहिता उघडा. १५० स्तोत्रं आहेत आणि त्यातली साधारण एक तृतीयांश विलापाची आहेत. किती वेळ, का विसरलास, का लपतोस, असे सरळ सवाल. बहुतेक विलाप शेवटी आशेकडे वळतात. ८८ वं स्तोत्र मात्र वळतच नाही. ते अंधारातच संपतं. ज्यांनी हा संग्रह केला त्यांना शेवटी दोन बऱ्या ओळी जोडणं सहज शक्य होतं. त्यांनी जोडल्या नाहीत, आणि ते तसंच उपासनेच्या पुस्तकात राहू दिलं.

ईयोबाचं पुस्तक तर पूर्ण वादच आहे. ईयोबाचं सगळं जातं. त्याचे मित्र येऊन देवाची बाजू मांडतात. अतिशय शुद्ध, धार्मिक भाषेत. ईयोब ओरडतो, देवाला कोर्टात बोलवायची भाषा करतो. शेवटी देव बोलतो तेव्हा ईयोबालाही गप्प करतो, त्याला त्याची जागा दाखवतो. पण मित्रांना म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची तरफदारी करणारे चुकले आणि भांडणारा बरोबर निघाला. मी हे कितीतरी वेळा वाचलं होतं, पण घरी बसलेल्या त्या चार महिन्यांत एकदाही आठवलं नाही.

एक फरक मात्र आहे. ईयोब देवाबद्दल तक्रार देवाकडेच करतो. पाठ फिरवत नाही. माझा राग खरा होता, पण मी तो देवाला सांगितला नाही. मी गप्प बसलो आणि नंतर चारचौघांत गोड बोललो. त्यात आदरही नव्हता आणि खरेपणाही.

[१३:०५] आपल्या नाशिकची लक्ष्मीबाई

आता जरा घराजवळ येऊ. शरणपूर रोडवरून आपण रोज जातो, पण ते शरणपूर नाव एका जुन्या ख्रिस्ती वसाहतीचं आहे, एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेली, हे अनेकांना माहीत नसतं. आणि नाशिकजवळच गोदाकाठी जलालपूर आहे. तिथे १८६८ साली लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म झाला. माहेरच्या गोखले. घरात सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय आत यायची नाही. १८८० मध्ये नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. तेच कवी टिळक, रेव्हरंड टिळक.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका अनोळखी युरोपियन माणसाने टिळकांना नवा करार दिला. डोंगरावरचं प्रवचन वाचताना ते त्यात अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. त्या कित्येक वर्षं नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. पुढे एकत्र आल्या तेव्हाही आपलं सोवळं आणि स्वयंपाक वेगळा ठेवून. मग हळूहळू जातीपातीबद्दल स्वतःच विचार करत गेल्या, की हे भेद देवाने केले की माणसांनी? माणसांनी, असं पटलं तेव्हा ते सोडले. आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यानंतर पाच वर्षांनी. तो ख्रिस्ती आहे म्हणून घेतला नाही, स्वतःला पटल्यावर घेतला.

त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. मी ते घरी बसलेल्या काळानंतर पहिल्यांदा पूर्ण वाचलं. एका धर्मोपदेशकाची बायको स्वतःच्या घराबद्दल लिहितेय, तेव्हा मला वाटलं सगळं गोडगोड असेल. तसं काही नाही. टिळकांचा तापटपणा, न सांगता घरातून निघून जाणं, घरातलं दुसऱ्याला देऊन टाकणं, दोघांची भांडणं, स्वतःचा भाबडेपणा, सगळं आहे, आणि वाचताना हसू येतं. त्यांच्या श्रद्धेवर त्याने कुठे डाग पडलाय असं वाटत नाही. उलट त्या जेव्हा देवावरच्या विश्वासाबद्दल बोलतात तेव्हा पटतं, कारण बाकी काही लपवलेलं नाही.

दुसरं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या धर्मभगिनी त्यांना शिकवत होत्या, सांभाळत होत्या, तरी जे बुद्धीला आणि शास्त्राला धरून वाटत नव्हतं ते रमाबाईंनी केवळ वरिष्ठ सांगतात म्हणून मान्य केलं नाही. पत्रांतून वाद घातला. आणि पुढे १९०७ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनचं काम जगभर माहीत झाल्यावर, त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली. त्यात त्यांनी सरळ कबूल केलं की बाप्तिस्म्यानंतरची जवळजवळ आठ वर्षं मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. विचार करा. देणगीदार बघतायत, मंडळ्या बघतायत, विरोधक तर टपूनच बसलेत. आणि बाई लिहितात की आठ वर्षं मला आत काही तरी कमी होतं. मी आठ महिन्यांचं कबूल करू शकलो नाही.

[१७:२०] 'तू' आणि 'आमेन'

दोन छोट्या गोष्टी, मग संपवतो.

मी बाबांना 'तुम्ही' म्हणतो. ऑफिसमध्ये सिनिअरला 'तुम्ही'. पण मराठी प्रार्थनेत देवाला 'तू'. येशूने शिकवलेली प्रार्थना मराठीत म्हणताना स्वर्गातल्या पित्याला आपण 'तू'च म्हणतो. वारकऱ्यांचंही तसंच. जनाबाई, नामदेव, तुकाराम विठ्ठलाला 'तू' म्हणतात, त्याच्यावर रुसतात, त्याला बोल लावतात. रेव्हरंड टिळकांवर तुकोबांचा मोठा प्रभाव होता आणि त्यांनी येशूची भक्ती अभंगांत आणि ओव्यांत आणली. म्हणजे आपल्या भाषेला हे आधीपासून माहीत आहे, की सगळ्यात मोठ्याशी सगळ्यात मोकळं बोलता येतं आणि त्यात त्याचा अपमान होत नाही. घरात 'तू' कोणाला म्हणतो आपण? आईला. जिला खोटं बोललेलं लगेच कळतं.

दुसरी गोष्ट 'आमेन'. प्रत्येक प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो, बऱ्याचदा 'संपलं' या अर्थाने. हा हिब्रू शब्द आहे आणि त्याच्या मुळाशी पक्कं, भरवशाचं, टिकणारं असा अर्थ आहे. सत्य आणि विश्वास यांचे हिब्रू शब्दही त्याच मुळाशी जोडलेले. म्हणजे 'आमेन' म्हणणं ही जवळजवळ सही आहे, वर जे बोललो ते खरं आहे म्हणून. माझ्या साक्षीनंतर वीस माणसं आमेन म्हणाली. त्यांनी भाबडेपणाने माझ्या खोट्या कागदावर सह्या केल्या.

[१९:१०] पुढे काय झालं

मी त्या मुलाला फोन केला. इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर संध्याकाळी भेटलो. दोन फेऱ्या नुसत्याच मारल्या, तिसऱ्या फेरीत सांगितलं. पहाटेची प्रार्थना खोटी होती, शंका आल्या होत्या, चार महिने मी देवाशी बोललोच नव्हतो.

तो गप्प झाला. मग म्हणाला, "मग तुम्हाला नोकरी लागली कशी?"

मी म्हणालो, "एका जुन्या सहकाऱ्याने नाव सुचवलं, तीन राउंड झाले, लागली. देवाने दिली असं मला वाटतं. पण माझ्या प्रार्थनेमुळे दिली असं म्हणू शकत नाही, कारण मी ती केलीच नव्हती."

त्यावर तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा असेल कदाचित. त्याला अजून नोकरी लागलेली नाही, हेही खरं सांगायला हवं. आम्ही दर गुरुवारी भेटतो, त्याचा रेझ्युमे नीट करतोय.

पुढच्या प्रार्थनासभेत मी उभा राहून साक्ष दुरुस्त केली. 'हालेलुया' कोणी म्हणालं नाही. एका काकांनी नंतर बाजूला घेऊन सांगितलं की अशा गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात, नवीन लोकांचा विश्वास डळमळतो. त्यांचं म्हणणं मी टाळणार नाही. सगळं सगळ्यांसमोर ओतायची गरज नसते, काही गोष्टी देवाला आणि एखाद्या जवळच्या माणसाला सांगितल्या तरी पुरतं. पण जे खोटं चारचौघांत बोललो ते चारचौघांतच मागे घ्यायला हवं होतं.

घरी आल्यावर आई भांडी लावत होती. म्हणाली, "मला माहीत होतं रे. रात्री तीनला तुझ्या खोलीचा लाइट दिसायचा दाराखालून."

"मग त्या दिवशी काही बोलली का नाहीस?"

"तुझी साक्ष होती. तूच सांगायची होतीस."

तर मंडळी, या आठवड्यात एक करून बघा. प्रार्थना करत असाल तर एक दिवस पाठ केलेले शब्द बाजूला ठेवा आणि एकच खरं वाक्य बोला. 'आज बोलायची इच्छा नाही' एवढं असलं तरी चालेल. मीही सध्या तिथूनच सुरुवात करतोय, आणि पहाटे पाचला नाही, रात्री अकराला, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून.

तुमचे अनुभव व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात नाव न घेता ऐकवू. भेटू पुढच्या आठवड्यात.